चेहरा नसलेली आई

आमची मुलगी यंदा आठवीत आहे. शाळेतून तिने एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला नाव दिले आहे. ज्यांच्या घरी मुले या परीक्षेला बसली असतील त्यांना ठाऊक असेलच की, तिच्यात 'स्मरणचित्र' म्हणून एक विषय असतो. समोर काही ठेवायचे नाही, पाहिलेले आठवायचे आणि कागदावर उतरवायचे. बाजार, पाणवठा, बस स्टँडवरची गर्दी अशी चित्रे मुले सरावाला काढतात. या खेपेला तिच्या सरांनी सरावासाठी 'आई आणि मूल' हा विषय दिला.

तिने आपल्या आईचे चित्र काढले असते तर प्रश्नच नव्हता. पण पोरीच्या डोक्यात आले की आई म्हणून आजी काढावी आणि मूल म्हणून आम्हाला काढावे. रविवारी सकाळी आम्ही दाढी करीत असताना कागद घेऊन आली आणि विचारती झाली, "बाबा, आजीचा चेहरा कसा होता?"

वाचकहो, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःच्या आईचा चेहरा सांगता आला नाही.

आमच्या घरात भिंतीवर तथागतांची प्रतिमा आहे, परमपूज्य बाबासाहेबांची आहे, माता रमाईंची आहे. वडिलांचा रंगीत फोटो आहे, तो त्यांच्या म्हातारपणी काढलेला. आईचा फोटो नाही. आई १९८४ साली छातीच्या दुखण्याने गेली, तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो. ती आर्वीतल्या एका जिनात रेच्यावर कापूस टाकायला जायची, वडील कापसाच्या खरेदी केंद्रावर हमाली करायचे. अशा घरात फोटो कोण काढणार? फोटो म्हणजे लग्नाचा. नाहीतर नोकरीच्या अर्जाला चिकटवायचा, आणि तो पुरुषाचा. राशन कार्डावर तेव्हा बाईचा फोटो नसे. मतदारांची फोटोची ओळखपत्रे आली ती १९९३ नंतर. आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बाया सरकारी कागदावर अंगठ्यानेच तेवढ्या उमटल्या.

तसा एक फोटो आहे. १९८२ साली आमच्या काकाच्या लग्नात काढलेला, काळा-पांढरा, वीस-पंचवीस माणसांचा. त्यात आई मागच्या रांगेत डावीकडून दुसरी उभी आहे आणि तिच्या कडेवर आम्ही आहोत. फोटोवाल्याने कळ दाबली नेमक्या त्याच वेळी आम्ही काहीतरी हट्ट केला असावा. आईने मान वळवून आमच्याकडे पाहिले. काकाच्या कोटाची बटने मोजता येतात. आईच्या चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरट धूसर डाग आहे.

मुलीला आम्ही तो फोटो दाखवला. तिने तो शाळेत नेऊन सरांना दाखवला. सर जाणकार आहेत. ते तिला म्हणाले, "अगं, हुसेनची चित्रं पाहा. त्यांनी चेहरा नसलेली आई रंगवली आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात हुसेनची चित्रे पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्चाचा ताळा जुळला की आमचे समाधान होते, चित्रातले आम्हास काय कळणार? पण या एका गोष्टीने आम्हाला बरेच दिवस गुंतवून ठेवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मकबूल फिदा हुसेन हे नाव बहुतेकांना अनवाणी फिरणारा, लांब पांढऱ्या दाढीचा आणि घोडे काढणारा चित्रकार म्हणून माहीत आहे. काहींना त्यांच्यावरचे खटले आणि वाद आठवतील. हा मनुष्य आपल्या महाराष्ट्रातला, १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते. विठ्ठलाला 'माउली' म्हणणारे ते गाव, आणि त्याच गावात या मुलाची आई तो दीड वर्षाचा असताना वारली. तिचे नाव झैनब. तिचा एकही फोटो मागे राहिला नाही. वडिलांनी दुसरे लग्न केले, बिऱ्हाड इंदूरला गेले. मुलगा आजोबांच्या लळ्याने वाढला. आजोबा पत्र्याचे काम करीत, कंदील बनवीत. हुसेनच्या चित्रांत कंदील आणि छत्री पुन्हा पुन्हा येतात, त्या आजोबांच्या आठवणी आहेत असे सांगतात. आजोबांची वस्तू तरी आठवत होती. आईचे काहीच आठवत नव्हते. ती नऊवारी नेसत असे, एवढेच त्यांना कळलेले होते, आणि पुढे जन्मभर मराठी बाईचे लुगडे दिसले की आपण त्यात आई शोधतो असे ते सांगत.

तरुणपणी ते मुंबईला आले आणि सिनेमाची मोठमोठी बोर्डे रंगवू लागले. फुटपाथवर राहायचे, बांबूच्या परातीवर चढून रंग मारायचा. पुढे लहान मुलांची खेळणी आणि फर्निचर यांचे नमुने बनवण्याचे कामही त्यांनी केले. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे या चित्रकार-शिल्पकारांच्या गटात ते सामील झाले आणि तिथून त्यांचे नाव होत गेले. आम्हाला त्यांच्या मोठेपणापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. ज्या हाताने नट्यांचे माणसाहून मोठे चेहरे भिंतीभर रंगवले, लांबून रस्त्यावरच्या माणसाला ओळखू यावे असे रंगवले, त्या हाताला एकच चेहरा काढता येत नव्हता.

मदर तेरेसा यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर हुसेन यांनी त्यांची चित्रे काढायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षे ते काढत राहिले. त्या चित्रांत निळ्या काठाची पांढरी साडी दिसते. साडीच्या घड्या इतक्या भारदस्त की दगडात कोरल्यासारख्या वाटाव्या. मांडीवर मूल, कधी दोन मुले, कधी एखादा निजलेला आजारी माणूस. हात दिसतात. पदर डोक्यावरून घेतलेला असतो आणि पदराच्या आत, जिथे चेहरा असायचा, तिथे काही नसते. काळोख असतो. या चित्रांत आपण आपल्या आईला शोधतो, असे ते स्वतःच सांगत.

आमची मुलगी पहिल्यांदा ते चित्र पाहून म्हणाली, "बाबा, ह्या बाईला चेहरा नाही पण ती मुलाकडंच पाहते हे कसं कळतं?" आम्ही पुन्हा पाहिले. खरेच, कळते. मान वाकलेली आहे, खांदा पुढे आलेला आहे, पदराचा सारा ओघ मुलाकडे उतरतो. डोळे नसले तरी पाहणे आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हुसेन यांनी इतरही कितीतरी माणसांचे चेहरे कोरे सोडले आहेत. ती त्यांची रीतच होती. तेव्हा प्रत्येक कोऱ्या चेहऱ्यामागे त्यांची आईच आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. भाबडेपणा हा आपल्या लोकांचा जुना दोष आहे, तो इथेही नको. पण मदर तेरेसांच्या चित्रांविषयी त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले आहे, त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. २००६ साली त्यांना देश सोडून जावे लागले, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये ते वारले. ज्या पंढरपुरात आई गेली तिथून हजारो मैल दूर.

मुलीने मोबाईलवर आणखी चित्रे शोधली तेव्हा तिला एक निराळाच चित्रकार सापडला. तो व्हिएतनामचा, म्हणजे बौद्ध परंपरेच्या देशातला. नाव ले फो. जन्म १९०७, हनोई. घर श्रीमंत, वडील फ्रेंच अमलातले फार मोठे अधिकारी. पण श्रीमंती असून काय उपयोग? ले फो तीन वर्षांचा असताना आई गेली आणि आठ वर्षांचा असताना वडीलही गेले. फ्रेंचांनी १९२५ मध्ये हनोईत चित्रकलेची शाळा काढली तिच्या पहिल्या तुकडीत तो शिकला. १९३७ साली तो पॅरिसला जाऊन राहिला तो कायमचाच. २००१ मध्ये तिथेच वारला.

या ले फो यांनी रेशमी कापडावर आणि पुढे तेलरंगात आई आणि मुलाची चित्रे काढली, एक-दोन नव्हे, पुष्कळ. रेशमावर पातळ रंगाचे थर चढवल्यामुळे सगळे चित्र पहाटेच्या धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. आईच्या अंगात त्यांच्याकडचा लांब झगा, डोक्याला ओढणी किंवा फेटा, मान लांब, बोटे लांब, डोळे खाली झुकलेले. मूल गुबगुबीत आणि निर्धास्त. फ्रान्समध्ये राहून त्यांनी युरोपातली येशू आणि मेरीची जुनी चित्रे पाहिली होती, चिनी चित्रकलाही अभ्यासली होती. दोन्हींची छाया त्यांच्या चित्रांवर आहे. त्यांच्या चित्रांना आज भलताच भाव आहे. २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात त्यांचे एक कुटुंबाचे चित्र दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. हा आकडा वाचून आमच्यातला बी.कॉम. क्षणभर जागा झाला, हे कबूल करतो.

पण आमचे लक्ष वेधले ते वेगळ्या गोष्टीने. ले फोच्या सगळ्या आया एकमेकींच्या बहिणी दिसतात. तोच लांबट चेहरा, तेच झुकलेले डोळे. हुसेन यांनी चेहरा रिकामा ठेवला, यांनी एक सुंदर चेहरा घडवला आणि तोच जन्मभर काढला. दोघांनाही आई आठवत नसावी. तीन वर्षांच्या मुलाला काय आठवणार? आम्हाला चार वर्षांचे असूनही आठवत नाही.

घडवलेल्या चेहऱ्याचा आम्हालाही अनुभव आहे. तो सांगायला थोडा संकोच वाटतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आईच्या स्मृतिदिनाला भिंतीवर तिचा फोटो हवा, असे आमच्या मनाने घेतले. एका फोटो स्टुडिओत जुन्या फोटोवरून मोठी रंगीत तसबीर करून देत असत. तिथे तो लग्नातला फोटो नेला. त्यांनी विचारले, चेहरा कुणासारखा होता? आम्ही म्हणालो, लोक म्हणतात मोठ्या बहिणीसारखा. त्यांनी बहिणीचा फोटो मागितला. पंधरा दिवसांनी तसबीर मिळाली, बाराशे रुपये दिले. बाई सुंदर होती. गोरी, भरल्या गालांची, कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात आमच्या आईने जन्मात घातला नसेल असा सोन्याचा हार.

आम्ही ती तसबीर मावशीकडे नेली. मावशीने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बाबू, हे कोन बाई होय?"

"मावशी, माय होय न."

"हे काई तुही माय नाही बापा. दिवसभर जिनात कापसाची धूळ खानाऱ्या बाईचे गाल असे भरून राह्यतेत का? अन् हे हार कोनाचा?"

ती तसबीर आम्ही भिंतीवर लावली नाही. कागदात गुंडाळून पेटीत ठेवली, ती अजून तिथेच आहे. फेकवत नाही आणि लावताही येत नाही.

या मावशीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आई गेल्यावर आम्हाला आणि बहिणीला तिने वाढवले. तिची स्वतःची तीन लेकरे होती, त्यांत आम्ही दोन. भाकरीचे पाच तुकडे तिने कधी कमीजास्त केले नाहीत. आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. सिद्धार्थाची आई महामाया बाळ जन्मल्यावर लवकरच गेली आणि त्याला महाप्रजापती गौतमीने वाढवले, ती मावशीच. बाबासाहेब पाच वर्षांचे असताना १८९६ च्या सुमारास माता भीमाबाई गेल्या आणि मीराआत्याने त्यांना सांभाळले. ही नावे आपण जयंतीच्या भाषणात घेतो, टाळ्या होतात. पण आपल्या घरातल्या मीराआत्याला, गौतमीला कोणी विचारत नाही की, माय, तू कोणते लुगडे नेसत होतीस. आम्ही तरी चाळीस वर्षे कुठे विचारले?

या सगळ्या गोष्टींत अजिंठ्याची आठवण येणे साहजिक होते. आम्ही सहकुटुंब अजिंठ्याला जाऊन आलो आहोत. सतरा नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशेजारी एक चित्र आहे. पाचव्या शतकातले, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले. वाकाटकांची एक राजधानी आपल्या वऱ्हाडातच वाशिमला होती, म्हणजे ते काही परके नव्हेत. चित्रात भगवान बुद्ध हातात भिक्षापात्र घेऊन उभे आहेत, फार उंच. त्यांच्यापुढे एक बाई आणि एक लहान मुलगा, दोघेही त्यांच्या मानाने अगदी लहान काढले आहेत. ती यशोधरा आणि तो राहुल, असे समजले जाते. कपिलवस्तूला परत आलेल्या पित्याकडे आई मुलाला पुढे करते आहे, जा, आपला वारसा माग म्हणून. राहुल वर पाहतो आहे. आईचा हात त्याच्यापाशी आहे. बाजूचे रंग जागोजागी उडाले, पण या मायलेकरांचे चेहरे टिकले आहेत. लेण्यात उजेड कमी असतो, गर्दी असली की पहारेकरी पुढे चला म्हणतो. तेवढ्यात जे पाहायचे ते पाहून घ्यावे लागते.

तेव्हा आम्ही ते चित्र भक्तीने पाहिले होते. आता विचार केला तेव्हा वाटले, या चित्रकारानेसुद्धा यशोधरेला पाहिलेले नव्हते. तिच्यात आणि त्याच्यात सुमारे एक हजार वर्षांचे अंतर. मग त्याने चेहरा आणला कुठून? आम्हाला वाटते, आपल्या भोवतालच्या बायांचा आणला असावा. पोराला पुढे करताना आईचा हात कसा पडतो, हे तर त्याने नक्कीच पाहिलेले असणार. तो हात पाठीवर फार जोराने पडत नाही आणि सुटतही नाही. असा हात आमच्या वस्तीत शाळेच्या पहिल्या दिवशी दर वर्षी पाहायला मिळतो.

हे आम्ही मुलीला सांगितले. तिने मान हलवली, पण आमच्या व्याख्यानापेक्षा तिला कागद महत्त्वाचा होता. तिने आधीच ठरवले होते. संध्याकाळी ती वही-पेन्सिल घेऊन मावशीकडे गेली. मावशी आता अठ्ठ्याहत्तरीची आहे, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, ऐकू कमी येते. आम्ही दारातच उभे राहिलो.

पोरीने चेहऱ्याचे काही विचारलेच नाही. तिने विचारले, आजी बाबाला कडेवर कोणत्या बाजूला घ्यायची? मावशी म्हणाली, डाव्या. उजव्या हाताने काम करावे लागे न. हातात बांगड्या किती? दोन काचेच्या, जिनात जास्त चालत नव्हत्या. केस कसे? कापसाच्या दिवसांत फडके बांधूनच राह्यचे, घरी आली तरी फडके काढायचे भान नसे, केसात रुई अडकलेली असे. हनुवटीवर गोंदण होते का? होते, तीन ठिपके. हे आम्हाला माहीत नव्हते. आमच्या बहिणीलाही माहीत नव्हते.

मुलीने तो लग्नातला फोटो काढून मावशीसमोर धरला. फोटोत काळे-पांढरे, त्यामुळे लुगड्याचा रंग कळत नव्हता आणि तिला तर रंगपेटीतला रंग निवडायचा होता. तिने मोठ्याने विचारले, "मोठी आजी, हे लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेला. त्या धूसर डागावर बोट ठेवले, मग बोट हळूहळू खाली लुगड्यावर आणले.

"हिरवं होय," ती म्हणाली. "लाल काठाचं. पन हे तिचं नोहतं. माह्यं होतं. लग्नाले जाच्यासाठी माह्याकडून मागून नेलं होतं तिनं."